प्रेअरीवरची जर्मन कादंबरी: आधी त्यांचा जमिनीचा कागद शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कॅन्ससमध्ये विचिटाजवळ राहता. १८७४ साली आलेल्या म्यूलर नावाच्या जर्मन कुटुंबावर मराठीत ऐतिहासिक कादंबरी लिहिताय आणि निम्मा खर्डा तयार आहे. वाचून पाहिलेले मित्र म्हणतात की माहिती भरपूर आहे, पण माणसं उभी राहत नाहीत. आता अजून संशोधन करावं की पुरे म्हणावं, आणि मराठी माणसानं हा विषय घ्यावाच का, असं तुम्ही विचारलंय. सोबत प्रकरणांचा आराखडाही दिलाय: एलिस आयलंडवर उतरणं, ढेकळांचं घर, इंडियनांचा (म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा) हल्ला, टोळधाड, १८८८चं हिमवादळ आणि शेवटी डोलणारा गहू.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देते. घ्यावा. तुम्ही त्या जमिनीवर राहता, दीडशे वर्षांच्या अंतरानं का होईना पण बाहेरून आलेलेच आहात, आणि मराठीत या विषयावर गर्दी नाही.

पहिल्या प्रश्नावर मात्र सविस्तर लिहायला हवं. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं संपादन हे माझं काम. मधली काही वर्षं नेब्रास्कात लिंकनला होते, तेव्हा तिथल्या स्थलांतरितांच्या कागदपत्रांत बरीच रमले. त्या भरवशावर सांगते: तुमची अडचण संशोधनाच्या कमी-जास्तीची नाही. म्यूलर मंडळी नेमकी कुठली, हे तुम्ही ठरवलेलं नाही. आराखडा पाहिला तर हे कुटुंब ‘जर्मनीहून’ येतं, आणि पुढे प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या गवताळ माळावर, कोणावरही येऊ शकतील अशी संकटं त्याच्यावर येतात. नाव बदलून हेच कुटुंब स्वीडिश केलं तरी एकही प्रकरण हलणार नाही. माणसं उभी राहत नाहीत ती यामुळे.

१८७४ साली ‘जर्मन’ या शब्दाला एकच अर्थ नव्हता. जर्मन साम्राज्य जेमतेम तीन वर्षांचं होतं, आणि प्रेअरीवर जर्मन बोलणारे जे लोक आले त्यांतल्या पुष्कळांनी ते कधी पाहिलंही नव्हतं. मी तुमच्यापुढे तीन कुटुंबं ठेवते.

पहिलं उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग किंवा पोमेरानियातलं. ल्युथरन या प्रोटेस्टंट पंथाचं, मोठ्या जहागिरीवर मजुरी करणारं. मेक्लेनबुर्गमध्ये भूदासपद १८२० साली कागदोपत्री संपलं, पण जमीनदारानं राहायला जागा दिल्याशिवाय मजुराला लग्न करता येत नसे. या घरातला तरुण अमेरिकेला निघतो तो एकटा किंवा नवरा-बायको मिळून, आधी गेलेल्या चुलत्याच्या पत्रावर विसंबून. त्याला जमीन हवी असते, कारण जमीन नाही तर संसार नाही. त्यानं कदाचित १८७०-७१चं फ्रान्सविरुद्धचं युद्धही पाहिलेलं असेल.

दुसरं व्होल्गाकाठचं. कॅथरिन महाराणीनं १७६३ साली जाहीरनामा काढून परदेशी शेतकऱ्यांना रशियात बोलावलं. सैन्यभरतीतून माफी, काही वर्षं करमाफी, धर्माचं स्वातंत्र्य अशी वचनं दिली. हेसेन आणि आसपासच्या भागातून हजारो लोक गेले आणि सारातोव्हच्या परिसरात त्यांची शंभरावर गावं वसली. शंभर वर्षांनी, १८७१ साली, झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या राजवटीत त्या सवलती काढून घेतल्या गेल्या आणि १८७४ साली सक्तीची सैन्यभरती आली. यांतले कॅथलिक १८७६पासून कॅन्ससच्या एलिस काउंटीत आणि तिच्या आसपास उतरले. व्हिक्टोरिया गावातलं त्यांचं सेंट फिडेलिसचं चुनखडीचं भलंमोठं चर्च (बांधकाम १९०८ ते १९११) तुम्ही पाहिलं नसेल तर एकदा जाऊन या. या माणसाला ऱ्हाईन नदीची आठवण येऊन चालणार नाही. त्याला आठवण येईल ती व्होल्गाची. शेजारचे अमेरिकन तर त्याला जर्मन म्हणणारच नाहीत, रशियनच म्हणतील.

तिसरं मोलोच्नाचं, म्हणजे आजच्या दक्षिण युक्रेनमधलं. हे मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे. शस्त्र न उचलणारे, शपथ न घेणारे. सोळाव्या शतकात नेदरलँड्सकडून निघून व्हिस्टुला नदीच्या खोऱ्यात, तिथून १८०४च्या सुमारास काळ्या समुद्राजवळच्या गवताळ प्रदेशात, आणि १८७४ साली कॅन्ससला असा यांचा प्रवास. चर्चमध्ये उच्च जर्मन आणि घरात प्लाउटडीच ही त्यांची जर्मन बोली. आलेक्झांडरवोल नावाचं अख्खं गावच आपल्या धर्मगुरूंसकट उठलं आणि १८७४च्या उन्हाळ्याअखेरीस ‘सिंब्रिया’ आणि ‘ट्यूटोनिया’ या बोटींनी न्यूयॉर्कला आलं. आज त्यांचं चर्च गेसल गावाजवळ आहे. तुमच्या घरापासून तासाभराच्या आत.

साल १८७४, ठिकाण विचिटाचा उत्तरेकडचा परिसर. एवढ्यावरूनच तुमचं कुटुंब तिसऱ्या प्रकारचं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. मग म्यूलर हे आडनावही बदला. तिथल्या दफनभूमीत फिरून या, श्मिट, उनरू, वीबे, पेनर, फ्रीसेन अशी नावं दगडागणिक भेटतील. तुम्हाला मेनोनाइट नको असतील तर हरकत नाही, पण मग साल किंवा काउंटी बदलावी लागेल. हा निर्णय तुमच्याखेरीज कोणी घेऊ शकत नाही. यापुढचं सगळं मी तुम्ही तिसरं कुटुंब निवडलं असं धरून लिहितेय.

आता मुख्य मुद्द्यावर येते. प्रेअरीवरच्या कादंबरीचा कणा वादळात किंवा टोळधाडीत शोधू नका. तो जमिनीच्या कागदात असतो. सातबारा ज्याच्या घरात भांडणाचं कारण झालाय अशा मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. जमीन कुणाच्या नावावर, कुठल्या अटीवर, किती वर्षांच्या मुदतीनं आणि कुणाकडून आली, या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की पात्रांना करायला काम मिळतं. काम मिळालं की माणसं उभी राहतात.

तुमच्या खर्ड्यात म्यूलर सरकारकडून १६० एकर फुकट घेतात. १८६२चा होमस्टेड कायदा तसा होता खरा. कुटुंबप्रमुख किंवा २१ वर्षांची व्यक्ती, नागरिक असावी किंवा नागरिक होण्याचा इरादा नोंदवलेली असावी. थोडी फी भरायची, पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, दोन साक्षीदार आणायचे आणि मालकी घ्यायची. पण त्यात एक मेख होती. सगळी जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिपमध्ये आखलेली. एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन आणि प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. रेल्वेला अनुदान दिलेल्या पट्ट्यात विषम क्रमांकाचे सेक्शन रेल्वेचे आणि सम क्रमांकाचे सरकारचे, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखं एकाआड एक. शिवाय या पट्ट्यात सरकारी सेक्शनवर सर्वसाधारण अर्जदाराला १८७९पर्यंत १६० ऐवजी ८० एकरच मिळत.

मेनोनाइटांना हे नको होतं. त्यांना रशियातल्यासारखं सलग शिवार हवं होतं, मध्ये परक्याचं शेत नको. तशी सवलत मिळावी म्हणून १८७४ साली काँग्रेसपुढे विधेयक आलं, त्यावर चर्चा झाली आणि ते बारगळलं. मग पुढे सरसावली ॲचिसन, टोपेका अँड सांता फे रेल्वे. तिच्याकडे कॅन्ससमध्ये अनुदानाची सुमारे ३० लाख एकर जमीन पडून होती, आणि वस्ती झाल्याशिवाय मालवाहतूक होणार नव्हती. रेल्वेचा स्थलांतर अधिकारी सी. बी. श्मिट हा स्वतः जर्मन. त्यानं या मंडळींना अक्षरशः हाताला धरून आणलं. राहायला लांबलचक लाकडी शेड बांधून दिल्या, १८७४-७५चा हिवाळा अनेकांनी त्यांतच काढला. कॅन्ससच्या विधिमंडळानंही १८७४ साली त्यांना राज्याच्या मिलिशियातून (नागरिकांच्या सैन्यदलातून) सूट देणारा कायदा केला.

पाहा, इथं तुमची कादंबरी बदलते. तुमचं कुटुंब निर्जन माळावर एकटं झुंजणारं नाही. ते हप्त्यानं जमीन विकणाऱ्या एका कंपनीचं गिऱ्हाईक आहे. कुणाकडे रोकड आहे, तर कुणी मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या समुदायाच्या, मदतनिधीवर आलंय. श्रीमंत शेजारी दोन सेक्शन घेतो आणि रशियातही भूमिहीन असलेला चुलतभाऊ इथंही ८० एकरांवर येतो. मोलोच्नात जमीनवाले आणि बिनजमीनवाले यांच्यात १८६०च्या दशकात कडाक्याची भांडणं झालेली होती. ते वैर बोटीत बसूनच आलं असणार. तुमच्या खर्ड्यातली भावंडं फार प्रेमळ आहेत, त्यांच्यात हे येऊ द्या.

गावाचंही तसंच. हिल्सबरोजवळ ग्नाडेनाउ नावाचं गाव १८७४ साली वसलं ते रशियन पद्धतीनं, म्हणजे मधोमध रस्ता, दोन्ही बाजूंना घरं आणि मागे लांबट पट्ट्यांची शेतं. पण अमेरिकन कायद्याच्या नजरेत जमीन सेक्शनप्रमाणे ज्याच्या नावावर त्याची. गावाच्या कराराला कागदाचं पाठबळ नव्हतं. काही वर्षांतच एकेक कुटुंब रस्ता सोडून आपापल्या तुकड्यावर राहायला गेलं. कुणी गावावर हल्ला केला नाही, कुणी जाळलं नाही. ते मोजणीच्या चौकोनांनी विरघळवलं. मला विचाराल तर तुमच्या कादंबरीतला सर्वांत दुःखाचा प्रसंग हा आहे, आणि तुमच्या आराखड्यात तो नाही.

तिथं कुणी होमस्टेड घेतलंच नाही असं नाही, घेतलं. तुमचा एखादा धाकटा भाऊ सम क्रमांकाच्या सेक्शनवर अर्ज करू शकतो. तसं केलंत तर मालकी सिद्ध करतानाचे कागद नक्की बघा. त्या काळच्या फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. घर केवढं, दारं-खिडक्या किती, किती एकर नांगरलं, विहीर आहे का, तुम्ही मध्ये किती काळ बाहेर होता, अशा प्रश्नांना अर्जदाराची आणि साक्षीदारांची उत्तरं. मी लिंकनला असताना अशा फायली वाचल्यात. उत्तरं मोजक्या शब्दांत असतात, पण ‘बायको आजारी असल्यानं चार महिने बाहेर’ एवढ्या एका ओळीत आख्खं प्रकरण दडलेलं असतं. आणि मेनोनाइट अर्जदार कारकुनासमोर शपथ घेणार नाही, तो फक्त प्रतिज्ञापूर्वक सांगेल. कायद्यानं ते चालत असे. त्या खिडकीपाशी त्याचं आणि कारकुनाचं काय बोलणं झालं असेल ते लिहा.

साक्षीदार म्हटलं की शेजारी आला, आणि शेजाऱ्यावरून टोळधाडीकडे येते. तुमचं टोळधाडीचं प्रकरण वर्णन म्हणून चांगलं उतरलंय, पण वेळ तपासा. १८७४च्या जुलैअखेरीस आणि ऑगस्टमध्ये रॉकी माउंटन टोळांनी कॅन्सस झोडपलं. मका गेला, जमिनीतला कांदा पोखरून गेला, घोड्यांचं चामडी सामान आणि अवजारांच्या मुठी कुरतडल्या गेल्या. गव्हर्नर ऑसबोर्न यांना सप्टेंबरात विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलवावं लागलं. तुमची मंडळी पोहोचतात ती या सगळ्यानंतर, ऑगस्टअखेर-सप्टेंबरात. म्हणजे त्यांनी टोळांचा ढग पाहिला नाही. त्यांनी पाहिले ते उजाड खुंट आणि गाडी भरून पूर्वेकडे परत निघालेले अमेरिकन शेजारी. ते बैल, अवजारं, अर्धवट नांगरलेली जमीन मिळेल त्या भावात विकत होते, आणि विकत घेणाऱ्यांत पदराला पैसा बांधून आलेले मेनोनाइट होते. आपल्या नायकानं पहिला नांगर कुणाच्या डोळ्यांतलं पाणी बघत विकत घेतला, हा प्रश्न टोळांच्या ढगापेक्षा कितीतरी मोठा आहे. मी तुमच्या जागी असते तर ते पूर्ण प्रकरण काढून तिथं हा सौदा घातला असता. (जाता जाता: तो टोळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नामशेष झाला. आजच्या माळावर तो दिसत नाही.)

आता ‘इंडियनांचा हल्ला’. हे प्रकरण काढा असं मी सरळ सांगेन. मॅरियन आणि हार्वी काउंट्यांत, म्हणजे तुमच्या कुटुंबाच्या परिसरात, १८७४ नंतर असा हल्ला बेतणं इतिहासाला धरून नाही. १८६८ साली शायान योद्धे काउन्सिल ग्रोव्हवर चालून आले होते, त्याच्या तिखटमीठ लावलेल्या गोष्टी तुमच्या कुटुंबाला शेजारी जरूर ऐकवतील. १८७४ सालीच दक्षिणेकडे अमेरिकन सैन्य आणि मूळ जमाती यांच्यात रेड रिव्हरचं युद्ध चालू होतं, त्याच्या बातम्यांनी घाबरगुंडीही उडेल. पण तुमच्या कुटुंबाच्या उंबऱ्याजवळची खरी घटना वेगळी आहे. कॉ या मूळ रहिवासी जमातीचं राखीव क्षेत्र काउन्सिल ग्रोव्हजवळ होतं, मॅरियन काउंटीच्या जवळच. कॅन्सस हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. टप्प्याटप्प्यानं झालेल्या तहांनी त्यांची जमीन आक्रसत गेली आणि १८७३ साली त्यांना इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात हलवलं गेलं. तुमचं कुटुंब त्यानंतर वर्षभरानं तिथं उतरलं.

म्हणून दाखवायचं ते रिकामेपण. जुन्या पायवाटा, चुलीचे दगड, नांगराच्या फाळाला लागणारी दगडी पाती. जमिनीसाठी घर सोडलेला माणूस दुसऱ्याला नुकतंच घालवलेल्या जागी स्थिरावतोय, हे त्याला कळतं का? माझ्या मते थोडं कळतं आणि तो विचारायचं टाळतो. मेनोनाइट शस्त्र उचलत नाहीत. पण त्यांच्यासाठी जागा मोकळी झाली ती दुसऱ्या कुणाच्या शस्त्रामुळे, आणि हा पेच त्यांच्या धर्माच्या गाभ्याला भिडतो. पात्राच्या तोंडी आजची कळकळ घालू नका, ते खोटं वाटेल. एका लहान मुलीनं दगडी पातं आईला दाखवावं आणि आईनं ते कुंपणापलीकडे भिरकावून द्यावं, एवढं पुरे. काउन्सिल ग्रोव्हजवळची थोडी जमीन कॉ नेशननं आता स्वतः विकत घेऊन तिथं स्मृतिस्थळ केलंय. लिहिण्याआधी तिथं एक दिवस घालवा.

तुम्हाला सशस्त्र संघर्षच हवा असेल तर कुटुंब आणि राज्य बदला. मिनेसोटातलं न्यू उल्म हे जर्मनांनी १८५४ साली वसवलेलं गाव. १८६२च्या ऑगस्टमध्ये डकोटा या मूळ रहिवासी जमातीच्या योद्ध्यांनी त्यावर दोनदा हल्ला केला. त्यामागे तहानुसार सरकारकडून येणं असलेली थकलेली रक्कम, उधारी बंद करणारे व्यापारी आणि उपासमार होती, आणि त्यानंतर २६ डिसेंबरला मॅनकॅटोत ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. ती एक स्वतंत्र कादंबरी आहे. तुमच्या कथेत उपप्रसंग म्हणून तिला कोंबू नका.

इथवरचं एकत्र करून सांगते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. कुटुंब मोलोच्नाचं, जमीन मुख्यतः रेल्वेची आणि हप्त्यांची, शेजारी टोळांनी बुडालेला, आणि आधीचे मालक वर्षभरापूर्वी हाकललेले. यात हल्ला नाही, पण ताण भरपूर आहे.

काळाच्या चुका आता भराभर सांगते. न्यूयॉर्कचं एलिस आयलंडचं स्थलांतरितांचं केंद्र १ जानेवारी १८९२ला उघडलं. १८७४चा प्रवासी तिथल्याच कॅसल गार्डन या आधीच्या केंद्रात उतरतो. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६चा, त्यामुळे तुमच्या आजीबाईंचे तो पाहून भरून आलेले डोळे पुसून टाका. पहिल्याच प्रकरणात वाऱ्यावर गडगडत जाणारं काटेरी झुडूप आहे. तो रशियन काटा जवसाच्या बियाण्यात मिसळून १८७०च्या दशकात दक्षिण डकोटात आला आणि तिथून पसरला, १८७४च्या कॅन्ससमध्ये तो नाही. गंमत म्हणजे सिनेमांनी ज्याला ‘अस्सल अमेरिकन’ माळाची खूण केलं, ते झुडूपही रशियाहूनच आलेलं आहे. तुमच्या कुटुंबातल्या एखाद्या म्हाताऱ्यानं १८९०च्या सुमारास ते ओळखावं, तिथं ते शोभेल. काटेरी तारेचं ग्लिडनचं पेटंट १८७४च्या नोव्हेंबरातलं, म्हणजे सुरुवातीला कुंपणं ओसेज ऑरेंजच्या काटेरी झाडांची. आणि १२ जानेवारी १८८८चं जे हिमवादळ शाळकरी मुलांच्या मृत्यूंमुळे लक्षात राहिलं, त्याचा मुख्य तडाखा डकोटा, नेब्रास्का आणि मिनेसोटाला बसला. कॅन्ससची भयंकर आठवण १८८६च्या जानेवारीची आहे. माणसं दगावलीच, आणि गुरं इतकी मेली की अनेकांचा गुरांचा धंदा बुडाला. दोन वर्षं मागे या.

ढेकळांच्या घराबद्दल. मुळांसकट कापलेल्या मातीच्या ठोकळ्यांची घरं खरीच होती, आणि वरून माती गळू नये म्हणून छताखाली कापड ताणत तेही खरं. पण आता तुमच्या कुटुंबाचा पहिला हिवाळा रेल्वेच्या शेडमध्ये जाईल. एका छपराखाली दाटीवाटीनं राहणारी कुटुंबं, एकमेकांच्या पोरांचे खोकले, चुलींवरून भांडणं, आडोशाला टांगलेली चादर. आपल्याकडच्या चाळीत वाढलेल्या वाचकाला हे लगेच कळेल. लिहायला मोकळ्या माळापेक्षा ही जागा सोपीही आहे. माळावर माणसं एकमेकांपासून दूर असतात आणि संवाद सुचत नाहीत.

पुढे घर बांधलं की त्याच्या मधोमध विटांची मोठी भट्टीवजा चूल येते. रशियाच्या स्टेपवर लाकूड नव्हतं, इथंही नाही. ही मंडळी वाळलं गवत आणि पेंढा जाळून घर ऊबदार ठेवायला आधीच शिकलेली होती. अमेरिकन शेजाऱ्यांना याचं नवल वाटायचं. मला हा तपशील फार आवडतो, कारण त्यानं ‘अनोळखी रानात धडपडणारे बिचारे’ ही प्रतिमा मोडते. प्रेअरीवर आलेल्या लोकांत अशा माळाची आधीच सवय असलेल्यांपैकी हे होते. त्यांना परकी होती ती भाषा, कायदा आणि मोजणी. खाण्यातही तेच. प्रवासासाठी भाजून कडक केलेले त्स्वीबाकचे पाव पोत्यांनी भरून आणलेले, कोबीचं बोर्श्त, आणि उन्हाळ्यात कलिंगडं. बियाणं आणि तुतीची रोपंही. तुतीवर रेशमाचे किडे पाळायचे प्रयोग झाले, राज्यानं १८८७ साली पीबडी गावात रेशीम केंद्रही काढलं. ते फार चाललं नाही, पण तुमच्या घरातल्या एखाद्या हट्टी काकूला हा उद्योग देऊन पाहा.

शेवटच्या गव्हाबद्दल थोडं सावध करते. टर्की रेड हा हिवाळी, कठीण दाण्याचा गहू या लोकांबरोबर आला हे खरं. मुलांनी एकेक दाणा निवडून ट्रंकेत भरला ही गोष्ट तुम्ही जशीच्या तशी घेतलीय, पण इतिहासकार तिच्याकडे संशयानं पाहतात. शिवाय हा गहू आल्याबरोबर राज्यभर पसरला नाही. तेव्हाच्या दगडी जात्यांच्या गिरण्यांना त्याचा कठीण दाणा जड जाई. पोलादी रोलरच्या गिरण्या आल्यावर आणि हॉल्स्टेड-न्यूटनच्या बेर्नहार्ड वार्केंटिनसारख्या गिरणीमालकांनी त्याचा पाठपुरावा केल्यावर तो फोफावला. म्हणजे पहिली दहा वर्षं तुमच्या नायकाला चांगल्या गव्हाला कमी भाव मिळाल्याचा राग आहे. दाणे निवडल्याची गोष्ट काढू नका. तिला १९२०च्या आसपास एखाद्या नातीच्या तोंडी द्या, आणि म्हातारीनं ती ऐकून गप्प बसावं.

संवादांच्या भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मराठी कादंबरीत हा प्रश्न येणारच. घरातल्या प्लाउटडीचसाठी वऱ्हाडी किंवा मालवणी वापरू नका. त्या बोली आपापलं गाव सोबत घेऊन येतात आणि वाचक कॅन्ससमधून थेट आपल्या मामाच्या गावी पोहोचतो. माझ्या संपादनात मी असं सुचवते: घरचं बोलणं साधं, छोट्या वाक्यांचं, कुठल्याही एका गावाचं नसलेलं. चर्चमधलं बोलणं थोडं ग्रांथिक. इंग्रजी बोलायची वेळ आली की वाक्य तुटकं आणि माणूस अवघडलेला. हा फरक पहिल्या दोन प्रकरणांत बसला की पुढे ‘तो जर्मनमध्ये म्हणाला’ असं लिहावंच लागत नाही. आणि डॉलरचे रुपये करू नका, एकरांचे हेक्टरही नकोत.

बायकांकडे जरा जास्त लक्ष द्या. तुमच्या खर्ड्यात त्या भाकऱ्या भाजतात आणि रडतात. होमस्टेड कायद्यात २१ वर्षांची अविवाहित स्त्री स्वतःच्या नावावर अर्ज करू शकत होती, विधवा नवऱ्याचा दावा पुढे चालवू शकत होती, पण नवऱ्यासोबत राहणाऱ्या बायकोला तो हक्क नव्हता. म्हणजे एखाद्या मुलीनं लग्न कधी करावं याला एकरांचा हिशोब चिकटतो. मंडळीतल्या ज्येष्ठांना असा अर्ज कितपत रुचला असता हे तुमच्या कथेतल्या मंडळीवर अवलंबून राहील. त्यात कडक आणि सैल असे बरेच गट होते. फार कडक होते त्यांतले पुष्कळ कॅनडातल्या मॅनिटोबाला गेले. १८७०च्या दशकात निघालेल्या सुमारे अठरा हजारांपैकी आठेक हजार कॅनडात उतरले. भावाभावांत तिथंच फूट पाडता येईल.

आणि शेवट. डोलत्या गव्हावर थांबू नका. ही माणसं १ जानेवारी १८७४च्या रशियन भरती कायद्यामुळे निघाली. १९१७च्या मे महिन्यात अमेरिकेनं पहिल्या महायुद्धासाठी सक्तीची भरती सुरू केली. त्यांचे नातू फोर्ट रायलीच्या कॅम्प फन्स्टनमध्ये नेले गेले, आणि गणवेश घालायला नकार दिलेल्यांना तिथं जाच सोसावा लागला. गावाकडे जर्मन बोलणं संशयास्पद ठरलं. युद्धकर्जाचे रोखे घ्यायला नाखूष असलेल्यांच्या घरांना पिवळा रंग फासला गेला, डांबर फासण्याचे प्रकारही कॅन्ससमध्ये झाले. १८७४ साली वीस वर्षांचा असलेला तुमचा नायक तेव्हा ६३ वर्षांचा आहे. शेतं फेडून झालेली, कागद कपाटात. समजा तुम्ही ल्युथरन कुटुंब निवडून नेब्रास्कात गेलात, तर तिथं दुसरा शेवट तयार आहे: हॅम्प्टनच्या शाळेत १९२० साली रॉबर्ट मेयर या शिक्षकाला एका मुलाला जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल दंड झाला आणि १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला.

आता करायचं काय. नवं संशोधन सहा महिने बंद ठेवा, फक्त दोन ठिकाणी जा. नॉर्थ न्यूटनला बेथेल कॉलेजमध्ये मेनोनाइट ग्रंथालय आणि अभिलेखागार आहे. तिथल्या लोकांना साल आणि गाव सांगा आणि पत्रं, रोजनिशा मागा. जुनं जर्मन हस्ताक्षर वाचता येत नसेल तर भाषांतरित काय आहे तेवढंच बघा, पुष्कळ आहे. गेसलच्या संग्रहालयात स्थलांतरितांच्या शेडची प्रतिकृती आहे, तिच्यात उभं राहून अंतरं डोळ्यांनी मोजा. काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्या काळची वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. बातम्यांपेक्षा जाहिराती वाचा, नांगराचा आणि मिठाचा भाव तिथं मिळेल.

मग खर्डा पहिल्यापासून दुरुस्त करत बसू नका. एकच नवं प्रकरण लिहा: सप्टेंबर १८७४, रेल्वेच्या जमीन कार्यालयात बाप, थोरला मुलगा आणि बिनजमिनीचा चुलतभाऊ नकाशासमोर उभे आहेत, आणि कुणी कुठला सेक्शन घ्यायचा ते ठरतंय. दहा-बारा पानं होतील. ती इथंच टाका, मी वाचेन.